पाठभेद

'पुढील ओळींचे रसग्रहण करा.' गुण चार. तीस वर्षं मी हा प्रश्न काढला आणि तीस वर्षं त्याचं एकच उत्तर तपासलं: कवीने येथे अतिशय सुंदर कल्पना मांडली आहे. दोन गुण द्यायचे आणि पुढची उत्तरपत्रिका ओढायची. निवृत्त झाल्यावर एकदा तरी मनाजोगतं रसग्रहण लिहायचं, असं मनात होतं. पण जिच्यावर लिहावंसं वाटलं ती कृती पुस्तकात भेटली नाही. ती सांगोला तालुक्यात, डाळिंबाच्या बागेच्या कडेला, चिंचेच्या सावलीत उभी आहे. वजन सहाशे किलोच्या घरात. रंग निळा, कारण फाटकाला लावून तोच उरला होता.

गाव तिला 'दाजींचा जेसीबी' म्हणतं. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं हे खोदायचं यंत्र त्यांनी घरच्या शेडमध्ये, भंगारातून आणलेल्या पाट्या जोडजोडून केलं. जेसीबी हे आपल्याकडे कंपनीचं नाव राहिलेलंच नाही. विहिरीचा गाळ काढतो तो जेसीबी, घर पाडतो तो जेसीबी, मिरवणुकीत पुढाऱ्यावर फुलं उधळतो तोही जेसीबीच. दाजींना मात्र हे नाव पसंत नाही. ते म्हणतात 'खोरं'. मास्तर म्हणून सांगतो, शब्द त्यांचाच बरोबर आहे. फावड्यानं माती पुढं लोटता येते, खोऱ्यानं ती आपल्याकडे ओढायची असते. 'बॅकहो' या इंग्रजी शब्दातला 'बॅक' तोच आहे, माती मागं ओढणारा. माणसाच्या पाठीशी त्याचं काही नातं नाही. दाजींच्या यंत्रात मात्र पाठ शिरली आहे, आणि ती इतकी मुरलेली आहे की ती बाजूला काढली तर यंत्राचं एकही माप समजत नाही.

पाठीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती घरोघरची आहे. डीएपीचं पन्नास किलोचं पोतं उचलून ट्रॉलीकडे वळताना कंबरेत चमक निघाली ती डाव्या पोटरीपर्यंत गेली. आधी उसण म्हणून शेकलं, चोळलं, पट्टा बांधला. मग एमआरआय. चौथ्या-पाचव्या मणक्याची गादी सरकलेली. तीन आठवडे दाजी खाटेवर होते आणि अक्का मला फोनवर सांगायची, "माणूस नुसता पत्र्याचं खिळं मोजतोय." उठल्यावर डॉक्टरांनी बजावलं: वाकायचं नाही, वळायचं नाही, उचलायचं नाही, आणि तिन्ही एकदम तर कधीच नाही.

"म्या म्हनलं, मग शेती कशानं करू? तोंडानं?"

तीन क्रियापदं काढून घेतली तर शेतकऱ्याच्या भाषेत उरतं काय, हा प्रश्न व्याकरणाचाही आहे. आता यंत्राकडे बघा. ते वाकतं, वळतं, उचलतं. चौथी गोष्ट त्याला येत नाही. काढून घेतलेली तिन्ही क्रियापदं दाजींनी लोखंडात परत लिहिली. हे मला पहिल्या भेटीत कळलं नव्हतं. तेव्हा मीही विद्यार्थ्यांसारखं 'फार सुंदर' म्हणून चहा प्यायलो होतो.

दुसऱ्या खेपेला जवळ गेलो. जवळ जायचं तर बूमच्या कडेपाशी जावं. बूम म्हणजे यंत्राचा दंड, कोपरापर्यंतचा. अडीच मीटर लांब, आतून पोकळ, चार पाट्यांची पेटी. तिच्या कडेनं वेल्डिंगची जी शिवण गेली आहे, तिच्यावरून बोट फिरवलं की दर वितीला एक गाठ लागते. कारखान्यातली शिवण अखंड असते, कारण तिथं तारेचं वेटोळं संपेपर्यंत हात थांबत नाही. इथं वीतभर ओळ, मग गाठ. पुन्हा वीतभर, पुन्हा गाठ. वेल्डिंगचा एक रॉड जळून संपतो तेवढ्यात साधारण वीतभरच शिवण होते, हे त्याचं साधं कारण. पण गाठी सगळ्या सारख्या नाहीत. काही ठिकाणी नवी ओळ जुनीच्या शेपटीवर नीट बसली आहे, काही ठिकाणी धातू पार गार झाल्यावर पुन्हा सुरुवात केल्याची खूण आहे. मी विचारलं तर दाजी हसले. म्हणाले, तिथं झोपायला गेलो होतो.

काम कसं चालायचं तर असं. उभं राहून तीन-चार रॉड जाळायचे. कंबर बोलायला लागली की शेजारच्या खाटेवर पाठ टेकायची, पाय खुर्चीवर घ्यायचे, पत्रे बघायचे. मग पुन्हा उठायचं. सकाळी अक्कानं विचारलं की उत्तर रॉडांत यायचं. "आज चार रॉडाची कंबर हाय." एखादा दिवस दोनच रॉडांची. दिवाळीच्या सुमारास एकदा अकरा रॉडांची झाली होती म्हणे, पण दुसऱ्या दिवशी शून्य.

छंद शिकवताना मी यती शिकवायचो. ओळीत श्वास घ्यायला जिथं थांबतात ती जागा. मुलांना ती परीक्षेपुरती पाठ असायची. या बूमवर ती हाताला लागते. आणि गंमत अशी की या थांबण्यानं यंत्राचं भलंच झालं. लांब शिवण एका दमात ओढली की तापलेली पाटी ओढली जाते आणि पेटीला बाक येतो. थांबून थांबून, एकदा या कडेला, एकदा त्या कडेला असं शिवलं तर लोखंड फारसं वाकत नाही. तालुक्याच्या ज्या टर्नरनं पिना करून दिल्या, त्यानं दोरी धरून बूम बघितला आणि विचारलं, ही युक्ती कुणी सांगितली? दाजींनी कंबरेकडे बोट दाखवलं.

शेडमधल्या बाकीच्या व्यवस्थेतही हाच हात दिसतो. जमिनीवर ठेवून काहीच केलेलं नाही. दोन मोठी पिंपं, त्यांवर जाड फळ्या, आणि काम बरोब्बर बेंबीच्या उंचीला. तीन पाइपांची घोडी, तिला चेन पुली. दाजींचं म्हणणं, वजन उचलायचं नसतं, टांगायचं असतं. टांगलेलं वजन एका बोटानं फिरतं.

आता इतिहासाचं थोडं, कारण मास्तर त्याच्याशिवाय पुढं जात नाही. ट्रॅक्टरच्या मागं खोदणारा हात जोडायची कल्पना मोठ्या कारखान्यातून आलेली नाही. अमेरिकेत वाइनो होलोपाइनेन आणि रॉय हँडी या दोघांनी तेलाच्या दाबावर चालणारा, डावी-उजवीकडे वळणारा असा हात केला आणि १९४८ साली तो फोर्डच्या ८एन या शेतीच्या ट्रॅक्टरवर बसवून कनेक्टिकटमधल्या एका वीज कंपनीला ७०५ डॉलरला विकला. इंग्लंडातल्या जोसेफ सिरिल बॅमफर्डनं, म्हणजे ज्याच्या नावाची तीन अक्षरं आपण रोज उच्चारतो त्यानं, १९४५ मध्ये भाड्याच्या एका छोट्या गॅरेजात जुन्या वेल्डिंग मशीनवर पहिली ट्रॉली केली. ती ४५ पौंडांना गेली. खोदणारी यंत्रं पुढं १९५३ मध्ये. तेव्हा दाजींनी नक्कल केली म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. मूळ संहिताच शेडमधली आहे. पोथ्यांच्या अभ्यासात एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींतल्या फरकाला पाठभेद म्हणतात. दाजींचं खोरं हा त्या मूळ ग्रंथाचा माणदेशी पाठभेद आहे, आणि इथं 'पाठ' शब्दाचे दोन्ही अर्थ घ्यायला माझी हरकत नाही.

पहिला खर्डा फसला होता. सुरुवातीला दाजींनी हे सगळं ट्रॅक्टरच्या तीन सांध्यांवर, नांगर जोडतात तसं, नुसतं टांगलं होतं. नांगर मागं ओढला जातो, त्याला ते चालतं. खोरं मात्र जमिनीला दात लावून जोर करायला लागलं की स्वतःच पुढं-वर उचललं जातं, थेट बसणाऱ्याच्या अंगावर. एकदाच तसं झालं, हातभर, आणि दाजींनी ते सोडून दिलं. मग खालून ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलपासून पुढपर्यंत दोन्ही बाजूंनी चॅनेलची चौकट घातली. कारण शेतीच्या ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते. इंजिन, क्लचचं घर, गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतात आणि तोच त्याचा कणा. मागं भलता जोर आला तर ट्रॅक्टर मधोमध उकलतो. एका कण्याचं झालं ते दुसऱ्याचं होऊ नये, हे त्या चॅनेलमध्ये लिहिलेलं आहे. दाजी असं बोलणार नाहीत. ते म्हणाले, "ट्रॅक्टरची बी गादी सरकली असती."

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो सिलिंडरांपाशी. गावात त्यांना जॅक म्हणतात. बूमच्या पाठीवरचा जॅक लांब झाला की कोपर मिटतं आणि खोरं माती ओढतं. त्याचं पोट ८० मिलिमीटरचं, म्हणजे आतलं क्षेत्रफळ साधारण पन्नास चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब दाजींनी चौरस सेंटिमीटरला १४० किलोवर ठेवला आहे. पन्नास गुणिले एकशेचाळीस, सात टन. पण दातांपाशी सात टन पोचत नाहीत. जॅक कोपराच्या सांध्यापासून फूटभर अंतरावर ढकलतो आणि दात सहा फुटांवर असतात, त्यामुळे दातांपाशी उरतो सहावा हिस्सा, टनाच्या थोडा वर. ओढणारा जवळ आणि ओझं लांब, असा हा तोट्याचा सौदा.

पाठीचा सौदा तोच. मणक्यामागचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर. पोतं धरलेले हात अर्ध्या मीटरवर. वीस किलो उचलायला त्या स्नायूंना दोनशे किलोची ओढ द्यावी लागते, वरच्या धडाचं वजन वेगळंच. आणि हा सगळा भार येतो तो त्या गादीवर. गादी म्हणजे तरी काय? बाहेर चिवट कडी, आत पाण्यानं भरलेला मगज. बंद जागेतलं पाणी, वरून दाब. जॅकच म्हणा की. १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांचे आकडे प्रसिद्ध झाले. त्यांनी एका माणसाच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीत, म्हणजे दाजींची गेली त्याच गादीत, दाब मोजायची तार घातली होती. वर्कशॉपच्या 'किलो'त सांगायचं तर झोपलेला असताना एक किलो, नुसतं उभं राहिल्यावर पाच किलो, आणि पाठ गोल करून वाकून वीस किलो उचलले तेव्हा तेवीस. तेच ओझं गुडघ्यात वाकून उचललं तर सतरा.

हे आकडे मी दाजींना वाचून दाखवले. ते बराच वेळ व्हॉल्व्हच्या पितळी टोपीवर अंगठा घासत राहिले. दाब १४० च्या वर गेला की ती टोपी तेलाला मागं टाकीत सोडून देते, म्हणून यंत्र खडकाला अडलं तर करकरतं, पण मोडत नाही. मग म्हणाले, "आन् गादीला रिलीफ व्हॉल्व्ह न्हाई?"

नाही.

"मग देवानं डिझाइन पुरतं तपासलं न्हाई म्हनायचं."

बैठक उलट्या तोंडाची आहे. तशी ती साऱ्या बॅकहोंना असते, आणि मला तर हा या प्रकारातला सर्वांत थोर विचार वाटतो. नांगरट करणारा माणूस दिवसभर मान मागं वळवून बसतो, आणि ट्रॅक्टरचे हादरे त्या पिळलेल्या कण्यातून वर जातात. इथं माणूसच फिरवून कामाकडे तोंड करून बसवला. पण दाजी एवढ्यावर थांबले नाहीत. सीट ट्रकच्या ड्रायव्हरची, भंगारातली, खाली स्प्रिंग. कंबरेच्या खोलगट भागात अक्कानं शिवलेली वाकळेची वळकटी, दोन नाड्यांनी बांधलेली. चढायला तीन पायऱ्या, प्रत्येकीची उंची आठ इंच, कारण त्याहून जास्त पाय उचलला की पोटरीत कळ येते. आणि लिव्हर. बाजारच्या यंत्रात ते हात पुढं करून धरावे लागतात. इथं ते मांडीच्या रेषेत, इतके जवळ की कोपर मांडीवर टेकलेलंच राहतं. नुसती मनगटं हलतात. खोरं दूरवर वाकून सहा फूट खाली जातं तेव्हा वर दाजी भिंतीला टेकून बसल्यासारखे सरळ असतात. लांबून बघितलं तर वाटतं, हा माणूस काही करतच नाही.

खोदण्याआधी ट्रॅक्टर दोन्ही बाजूंना लोखंडी पाय टाकतो आणि मागची चाकं जमिनीवरून थोडी सुटतात. टायरांची उसळी बंद. पैलवान हात लावायच्या आधी पवित्रा घेतो, तसंच. पोतं उचलताना दाजींनी तो घेतला नव्हता.

लय विलंबित आहे. माती भरलेलं खोरं डावीकडं वळतं ते बाजारच्या यंत्राच्या निम्म्या वेगानं. कारण विचारलं तर त्यांनी वळवणाऱ्या जॅकच्या नळीचं तोंड उघडून दाखवलं. आत चवलीएवढी चकती, तिला मधोमध बारीक भोक. तेल त्यातून रांगेनं जातं. पहिल्यांदा चकती नव्हती. तेव्हा वळण संपताना यंत्र असा झटका द्यायचं की तो सीटमधून थेट त्या गादीत पोचायचा. भोक आधी दीड मिलिमीटरचं पाडलं, ते फारच कंटाळवाणं झालं. मग अडीचचं. द्रुत लयीच्या रसिकाला हे संथ वाटेल. मला तिसऱ्या बकेटीनंतर त्यात गोडी वाटायला लागली.

दोष सांगितले नाहीत तर रसग्रहण भाटगिरी होते. बकेट दोन फुटी आहे, ती दीड फुटी हवी होती. ठिबकच्या नळीला एवढी रुंद चारी लागत नाही, आणि रुंद बकेटीत तोच जोर जास्त दातांवर वाटला जाऊन मुरमात बोथट होतो. हा निव्वळ हव्यास. दात बाजारातून विकत आणलेले आहेत. ते बाकी यंत्राशी विसंगत दिसतात, उसन्या उपमेसारखे, पण असले दात घरी घडवता येत नाहीत, तेव्हा हे मी सोडून देतो. मोठी चूक बूमच्या मधोमध आहे. जॅकच्या कानाला जोर मिळावा म्हणून दाजींनी तिथं चौकोनी पट्टी मारली आणि ती अचानक, काटकोनात संपवली. जोर वाहत येतो तो अशा टोकापाशी अडतो. बरोबर त्याच ओळीत, खडक लागल्यावर, केसासारखी भेग निघाली. 'जास्त लोखंड घातलं म्हणून मोडलं,' हे पटायला त्यांना दोन दिवस लागले. दुरुस्तीत मात्र त्यांनी कमाल केली. भेग पुरती खरवडून भरली आणि वरून ठिगळ घातलं ते पतंगाच्या आकाराचं, दोन्हीकडं निमुळतं होत गेलेलं, म्हणजे जोर एकदम कुठं अडत नाही. मला विचाराल तर साऱ्या यंत्रातली देखणी जागा ती. रंगही तिथं वेगळा आहे, तेव्हा निळा संपला होता.

आणि कंबर? ती बरी झाली असं कुणी समजू नये. थंडीत पोटरी अजून झिणझिणते, आणि यंत्रावरसुद्धा दाजी सलग तासाभराच्या वर बसत नाहीत. सकाळी उठल्या उठल्या तर मुळीच नाही. रात्रभर पाणी पिऊन गादी फुगलेली असते, तेव्हा तिला ताण नको, हे त्यांचं त्यांनीच शोधलं. शेजाऱ्याच्या बागेत चारी काढून द्यायला ते जातात, पैसे घेतात की नाही हे अक्कालाही नीट माहीत नाही.

मागच्या महिन्यात मी हट्टानं त्या सीटवर बसलो. बसता येईना. दाजींपेक्षा मी वीतभर उंच, गुडघे लिव्हरला लागायला लागले, वळकटी माझ्या माकडहाडाशी आली. दोन मिनिटांत माझी पाठ, जी एरवी शांत असते, ती कुरकुरायला लागली. एक लिव्हर गुडघ्यानंच ओढला गेला आणि भरलेली बकेट मी जिथून काढली तिथंच पुन्हा ओतली. दाजी खालून म्हणाले, "उतरा पाव्हणं. ते माज्या मापाचं हाय."

संध्याकाळी काम संपल्यावर ग्रीसिंग. दाजी बूम वर घेतात, कोपर मिटतात, बकेट आत वळवतात आणि यंत्र हात छातीशी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसायला लागतं. या एकाच घडीत जवळजवळ साऱ्या पिनांची ग्रीसची तोंडं कंबर आणि छाती यांच्या मधल्या पट्ट्यात येतात, सगळी बाहेरच्या बाजूला वळवलेली. हे आपोआप झालेलं नाही. भोकं पाडायच्या आधी त्यांनी खडूनं आपल्याच अंगाच्या दोन रेषा शेडच्या भिंतीवर काढल्या होत्या, त्या अजून आहेत. ग्रीसगन त्यांनी माझ्या हातात दिली आणि मी मोजत गेलो. एकूण तेवीस. माणसाच्या कण्यात गाद्याही तेवीसच असतात. योगायोगाला अर्थ चिकटवायची मास्तरांची खोड जात नाही, म्हणून हे दाजींना सांगितलं नाही.

बावीस झाले, एकदाही वाकलो नाही. तेविसावं सापडेना. ते वळणाच्या खांबाच्या तळाशी आहे, गुडघ्याच्याही खाली, चॅनेलच्या आड, आणि ते दुसरीकडे काढायला काही केल्या जागाच निघाली नाही, असं दाजी जरा ओशाळून म्हणाले. मग त्यांनी घराकडे तोंड करून नातवाला हाक मारली. पोरगं पळत आलं, माझ्या हातातून गन घेतली, वाकलं, दोन पंप मारले आणि हात चड्डीला पुसत परत पळालं.